ये रे माझ्या मागल्या

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, रात्री साडेदहाच्या सुमारास, आमच्या संगणकाने स्वतःला सुधारायचे ठरवले. आमच्या घरात असा निर्णय घेणारा तो पहिलाच. पडद्यावर मजकूर आला की सुधारणा सुरू आहे, यंत्र बंद करू नका. आणि खाली टक्के चढायला लागले. आम्ही साताऱ्याची माणसे. कोणी आपणहून सुधारत असेल तर मध्ये बोलायचे नाही, एवढी रीत आम्हालाही आहे. दिवा मालवून झोपलो.

आप्पा पहाटे पाचला उठतात. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. साताऱ्यात ही काही मिरवायची गोष्ट नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंगे नावाच्या गावाला 'मिलिटरी' हे आडनाव लागले आहे, तिथे दर तिसऱ्या घरात एक माजी सैनिक आणि त्याच्या वेळापत्रकाला कंटाळलेले एक कुटुंब असते. पडद्यावर नवी ओळ आली होती : 'सुधारणा पूर्ण करण्यासाठी पुन्हा सुरू करा.' फौजेत लेखी हुकूम आला की तो कोणासाठी आहे हे विचारायचे नसते. आप्पांनी चष्मा लावला, हुकूम दोनदा वाचला, माउसच्या वाटेला न जाता खाली खोक्यावरचे ते बारके बटण शोधले, ज्याला गेल्या सात वर्षांत कोणी बोट लावले नव्हते, आणि अंगठ्याने दाबले.

संगणक पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा.

मी सात वाजता उठलो तेव्हा आप्पा खुर्चीत ताठ बसून वहीत उभ्या रेघा मारत होते. चार उभ्या, एक आडवी. "एकशे बारा," ते म्हणाले. "पडतोय, पण उठतोय. जवान आहे."

यंत्राचे वागणे असे होते. खोक्यातला पंखा घुर्र करायचा, एक बारीक 'टुक' व्हायचे, पडद्यावर कंपनीची खूण यायची, खाली ठिपके गोल फिरायला लागायचे. आता चालू होणार असे वाटून आपण खुर्ची पुढे ओढावी, तर सगळे काळे. पुन्हा घुर्र, पुन्हा टुक. या आजाराला इंग्रजीत काय म्हणतात ते नंतर कळले, पण मराठीत त्याचे नाव संगणक जन्मायच्या कितीतरी आधी ठेवून झाले आहे : ये रे माझ्या मागल्या. पहिले पाढे पंचावन्न म्हटले तरी चालेल. हा पंचावन्नच्या पुढे गेलाच नाही.

माझी पंचाईत निराळीच होती. कुणाचाही संगणक बिघडला की मी गेली वीस वर्षे एकच सल्ला देत आलो आहे : "एकदा बंद करून चालू करा." फोन, राउटर, सेट-टॉप बॉक्स, एकदा तर शेजाऱ्यांची गिरणी, सगळ्यांना हाच काढा, आणि दहातल्या आठ वेळा गुणही येतो. आता समोर असा रोगी होता जो न सांगता, न थकता, दर चाळीस सेकंदांनी तोच काढा घेत होता. औषध हाच रोग झाल्यावर वैद्याने करायचे काय?

त्यात आप्पांचा वेगळाच गोंधळ. मी फोनवर कुणाला तरी म्हणालो, "बूट होत नाहीये." आप्पांनी आतून विचारले, "कुणाला? कितीचा आहे?" त्यांना समजावताना माझ्या लक्षात आले की त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. हा शब्द खरोखर बुटावरूनच आला आहे. बंद यंत्राला काहीच येत नसते. कार्यक्रम कसा वाचायचा हे शिकवणारा कार्यक्रमसुद्धा आधी वाचावा लागतो. म्हणजे स्वतःच्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला जमिनीवरून उचलण्याची ही कसरत, म्हणून तिचे नाव बूट. आप्पांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग नाड्या नीट बांधलेल्या नसतील."

पुढे जे निदान साताऱ्यातल्या जाणत्यांनी केले त्यापेक्षा हे बरे होते.

आठ वाजेपर्यंत गल्लीत बातमी गेली. समोरचे निवृत्त गुरुजी आले आणि लांबूनच 'व्हायरस' म्हणाले; करोनापासून ते यंत्राच्याही जवळ जात नाहीत. त्यांच्या मागून आलेल्या वायरमनने व्होल्टेज सांगितले. मी म्हटले, अहो, कोयनेची १,९६० मेगावॉट वीज आपल्याच जिल्ह्यातल्या धरणाच्या पाण्यावर तयार होते, त्यातली साडेचारशे वॉट या खोक्याला मिळू नये? त्यावर तो म्हणाला, "धरणाच्या पायथ्यालाच नळाला पाणी नसतं, काका." या वाक्याला उत्तर नाही. तिसऱ्याने अर्थिंग सांगितले, चौथ्याने शनी. आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या. ती ओवाळत असताना यंत्र नेहमीपेक्षा चार सेकंद जास्त टिकले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

पोवई नाक्याकडच्या दुकानात खोका घेऊन गेलो. दुकानात माझ्या आधीचे अकरा खोके एकावर एक रचलेले होते. काहींवर चिठ्ठ्या होत्या, काहींवरच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या. मालकाने माझ्याकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले नाही. "ठेवून जा, बघू." कधीपर्यंत? "बघू की." साताऱ्यात 'बघू' या क्रियापदाला भविष्यकाळ असतो, पण तो किती लांबचा हे व्याकरणात दिलेले नाही. आणि बघून काय करणार? "फॉरमॅट मारू."

फॉरमॅट मारणे हे आपल्याकडचे रामबाण आहे. पाणी गळते म्हणून घर पाडायचे तसे. त्या खोक्यात २०११ पासूनचे घरातले फोटो, सोसायटीचा हिशेब, आणि आप्पांनी दोन बोटांनी टाइप केलेल्या आठवणींची एकशे चाळीस पाने होती. मी खोका परत छातीशी धरला.

दुपारी सांगलीहून मेहुण्याचा फोन आला. सांगली ही माझी सासुरवाडी. मेहुण्याचा प्रश्न असा : "भावजी, किती टक्क्यांवर आहे?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगलीकरांनाच कळेल. पावसाळ्यात तिथे कोणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'आयर्विनला किती फूट' विचारतात. आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्या खांबावरचे आकडे सांगलीचा माणूस नाडीसारखे वाचतो : ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा हाच मेहुणा वरच्या मजल्यावर गॅसची शेगडी घेऊन बसला होता आणि आकडे सांगत होता. त्यामुळे खालून वर चढणारा कुठलाही आकडा त्याला गंभीरच वाटतो. मी म्हटले, ठिपक्यांवरच आहे, टक्क्यांपर्यंत जातच नाही.

"म्हणजे स्थिर आहे," तो म्हणाला. "घेऊन या इकडं. विश्रामबागेत आपल्या ओळखीचा पोरगा आहे. हात लावला की चालू."

सांगलीकडे प्रत्येक घराच्या ओळखीत 'हात लावला की चालू' असा एक पोरगा असतो. साताऱ्यात त्याच पोराला 'तो काय करणार' म्हणतात.

गुरुवारी आम्ही निघालो : मी, सौभाग्यवती, आप्पा, खोका आणि एक किलो कंदी पेढे. एसटीच्या कंडक्टरने हिशेब सुरू केला. आप्पा पंचाहत्तरीच्या पुढचे, म्हणजे मोफत. बायकोला अर्धे तिकीट. मला पूर्ण. मग त्याची नजर आप्पांच्या मांडीवरच्या चादरीत गुंडाळलेल्या खोक्यावर गेली. "हे काय? मिक्सर?"

"सीपीयू," मी म्हणालो. (तो खरे म्हणजे सीपीयू नसतो. सीपीयू ही आतली बिस्किटाएवढी चकती; पण आपल्याकडे सगळा खोकाच सीपीयू. आपण 'घरचे' म्हणतो तेव्हा तरी कुठे घर दाखवतो?)

"बिघडलाय?"

"सारखा रीस्टार्ट होतोय. अपडेटनंतर."

"आमच्या मशिनचं पण झालं होतं तसं," असे म्हणून कंडक्टरने हातातले तिकिटाचे यंत्र मांडीवर दोनदा आपटले, आणि तिकीट फाडून दिले. खोक्याचे काही घेतले नाही. या आपटण्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवे होते.

कऱ्हाडच्या पुढेपर्यंत महामार्ग. मग पेठनाक्याला बस सांगलीकडे वळली. त्या रस्त्याबद्दल सांगलीकर कित्येक वर्षे जे बोलत आले आहेत ते छापण्यासारखे नाही. त्याचे काम सुरू असते, झालेलेही असते, आणि राहिलेले नेमके आपल्या सीटखाली येते. आष्ट्यापर्यंत आप्पा खोक्याला पोटाशी धरून प्रत्येक खड्ड्याला त्याच्या आधी स्वतः उडत होते. एकदा आतून काहीतरी खुळखुळले. मी दचकलो. आप्पा म्हणाले, "आतली शिस्त लागतीय."

बस वळणे घेत होती तेवढ्या वेळात मला २००३ सालची सांगली आठवली. मी तेव्हा नोकरीचे अर्ज ईमेलने पाठवायला कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत जायचो. त्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. तो काही चोरत नसे. नुसती एक चौकट यायची : हे यंत्र ६० सेकंदांत बंद होत आहे. आणि उलटी मोजणी. त्या साठ सेकंदांत मी किती नम्र होत असे! 'माननीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सगळा अर्ज एका मिनिटात. दुकानदाराला मात्र कुणीतरी मंत्र दिला होता. तो धावत यायचा, काळ्या खिडकीत 'शटडाउन', मग वजा चिन्ह आणि 'ए' अशी अक्षरे उमटवायचा, आणि मोजणी थांबायची. आम्ही त्याच्याकडे साप उतरवणाऱ्याकडे पाहावे तसे पाहायचो. तासाचे पैसे तो पूर्ण घ्यायचा.

आणि २०२४ चा जुलै कोण विसरेल? १९ तारीख, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे कचेऱ्या उघडत असताना, एक बारकी फाइल जगभर सोडली. चूक कळून त्यांनी ती मागे घेतली १० वाजून ५७ मिनिटांनी. सव्वा तासात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडून आमच्या खोक्यासारखी उठाबशा काढायला लागली. गंमत अशी की दुरुस्त फाइल तयार होती. पण ती उतरवून घ्यायला यंत्र क्षणभर तरी उभे राहायला हवे, आणि ते उभे राहायच्या आतच पडत होते. शेवटी माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, हाताने ती आधीची बिघडलेली फाइल पुसली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाला मिळालेल्या पासचा फोटो देशभर फिरला. अक्षर वळणदार होते.

पण मला त्या दिवशी मनापासून समाधान दिले ते मायक्रोसॉफ्टच्या एका सूचनेने. त्यांच्या दूरवरच्या भाड्याच्या यंत्रांसाठी त्यांनी उपाय सांगितला होता : बंद करून चालू करा. एकदा नव्हे, पंधरा वेळासुद्धा करावे लागेल. जगातल्या सर्वांत मोठ्या वैद्यांपैकी एकाने माझाच काढा लिहून दिला होता, फक्त मात्रा वाढवून.

सांगलवाडीकडून कृष्णा ओलांडली. ही बाई आमच्या माहुलीवरून आमच्या आधी निघालेली, वाटेत कऱ्हाडला कोयनेला सोबत घेऊन, तिकीट न काढता, एकही खड्डा न लागता इथे पोहोचलेली. मेहुणा स्टँडवर हजर होता. पेढे त्याच्या हातात, खोका माझ्या हातात, अशी मिरवणूक विश्रामबागेत गेली.

पोरगा तेवीस-चोवीसचा. त्याने वायरी जोडल्या, बटण दाबले. घुर्र. टुक. ठिपके. टक्के. आणि पडद्यावर आमच्या नातवाचा फोटो आला. लख्ख.

"हात लावला की चालू!" मेहुणा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहण्यापेक्षा मला खोका जळालेला परवडला असता.

पोराला मात्र ते पटले नाही. चांगला वैद्य रोगी बरा झाला की अस्वस्थ होतो. त्याने तासभर यंत्र चालू ठेवले, जड कामे दिली, तापवले. काही नाही. मग त्याने नोंदवही उघडली. प्रत्येक यंत्र आत अशी एक रोजनिशी लिहीत असते, हे मला माहीत नव्हते. त्यात एकच वाक्य शेकडो वेळा : यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. शाळेत शिक्षा म्हणून लिहून घेतल्यासारखे.

"कर्नल पॉवर, एकेचाळीस," पोरगा पुटपुटला.

आप्पा खुर्चीतून उठले. "कोण कर्नल?"

"तसला नव्हं, आजोबा. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा."

"एकेचाळीसवी बटालियन?"

"नुसता नंबर आहे." मग तो माझ्याकडे वळला. "काका, इथं बघा. आतनं कोसळलं असतं तर कारणाचा कोड पडला असता. इथं सगळीकडं शून्य आहे. म्हणजे हा आपला आपण पडला नाही. ह्याला कुणीतरी पाडायलंय. बाहेरनं."

"आणि अपडेट?"

"अपडेट गरीब आहे बिचारं. नीट बसलंय. घरी परत झालं तर व्हिडिओ कॉल करा." त्याने पैसे घेतले नाहीत, काही केलेच नाही तर कशाचे घेऊ, म्हणाला. असली माणसे धंद्यात टिकावीत म्हणून मी त्याच्याकडून एक माउस विकत घेतला.

मेहुण्याने भडंगाची दोन पुडकी दिली आणि सासूबाईंनी, दरवर्षीप्रमाणे, हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून ती देताना सासूबाईंचा हात किंचित वर असतो.

घरी पोहोचलो तर आई दारात ताम्हन घेऊन उभी. खोका दवाखान्यातून बरा होऊन आला होता. त्याला असाच कसा आत घेणार? तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, नव्या हळदीचे बोट लावले, वर कुंकू, वर अक्षता. खंडेनवमीला लावले होते तिथेच. त्या खोक्याला कपाळ म्हणण्यासारखी तेवढीच जागा आहे. आप्पांनी सुरू केला. सुरू झाल्यावर, सगळे ठीक आहे ना याची खात्री करायला, त्यांनी ते बारके बटणही एकदा दाबून पाहिले.

घुर्र. टुक. ठिपके. काळे. घुर्र. टुक.

आप्पांनी वही उघडली.

व्हिडिओ कॉलवर पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, मोबाइल जरा खाली घ्या. बटणापाशी. अजून जवळ. ते पिवळं काय आहे?"

"हळद."

"आणि पांढरं?"

बटण आणि त्याच्या चौकटीतल्या फटीत तांदळाचा एक दाणा उभा अडकला होता, हळदीने घट्ट चिकटलेला. बटण आत जायचे आणि पूर्ण बाहेर यायचेच नाही. अर्धवट टेकून राहायचे. पंख्याच्या थरथरीने ते मधूनच टेकायचे, मधूनच सुटायचे, आणि दर टेकण्याला यंत्राला हुकूम : पुन्हा सुरू हो. खंडेनवमीचा दाणा पेठनाका-आष्टा रस्त्यावर कुठेतरी निखळून पडला होता. खुळखुळले होते ते तेच. सांगलीत हात पोराने लावला, पण चालू रस्त्याने केले होते.

मेहुण्याला हे कळवणे भाग होते. त्याचे म्हणणे, दाणा साताऱ्याचा. आमचे म्हणणे, चिकटवला सांगलीच्या हळदीने. त्यावर सासूबाईंनी मागून सांगितले की आमची हळद चिकटते म्हणजे तिच्यात भेसळ नाही. हा वाद दिवाळीत दोन्हीकडचे एकत्र जेवेपर्यंत चालला, आणि जेवणानंतरही.

पोराने उपाय सांगितला तो दोन मिनिटांचा. झाकण काढा, पुढच्या बाजूने मुख्य पट्टीवर आलेल्या बारक्या वायरींत रीसेट लिहिलेली जोडी आहे, ती उपसा. उपसली. बटण जागेवर राहिले, त्याचा आतला संबंध सुटला. यंत्र एका दमात चालू झाले ते आजतागायत चालू आहे. आईला आता हवी तेवढी हळद लावता येते. गेल्या पाडव्याला तिने बोटाऐवजी चमचा वापरला.

आप्पांना वायर काढल्याचे कोणी सांगितले नाही. आठवणी लिहिताना यंत्र जरा संथ वाटले की ते अजून ते बटण अंगठ्याने दाबतात, दोन सेकंद धरून ठेवतात, सोडतात आणि मला हाक मारतात, "आता बघ कसा पळतोय."

मी येऊन बघतो. पळत असतो.